विमान इंदापूरवरून जाणार

२५ सप्टेंबर
विमानाची खरी किंमत: दोन हार्वेस्टर, लोणी देवकरचा रोडटच प्लॉट आणि बायको इंदिराचं माझ्याशी बोलणं. चार सीटचं, सेकंडहँड. लोक म्हणतात, तात्याला माज आला. चहाच्या हॉटेलात पाठमोरा बसलो होतो, सगळं ऐकू आलं. माज नाही, व्हिजन. ऊस वाहायच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होतो तेव्हाही हेच बोलायचे. किळस येते.

२७ सप्टेंबर
आईला शब्द दिला. दसऱ्याला नरसिंहपूरचा संगम विमानातून दाखवणार, पायाला धूळ लागू देणार नाही. आई ब्याऐंशीची. म्हणाली, "पुढल्या दसऱ्याचं मला ठावं न्हाय, औंदाच दाव." तिनं सगळ्या भजनी मंडळाला सांगितलंय. मीही ग्रुपवर टाकलं: दसऱ्याला सकाळी अकराला आमचं विमान इंदापूरवरून जाणार, सर्वांनी गच्चीवर यावं. मेहुणा इंद्रजित यानं नुसता अंगठा टाकला. हलकट.

३० सप्टेंबर
उद्या खंडेनवमी, विमानाची पूजा. बारामतीच्या हँगरसमोर मांडव घातला. पायलट निहार पुण्याचा. म्हणतो, पंख्याला हार नको, नाकावर नारळ नको. मग पूजा करायची कशाची? शिकलेल्या माणसांचा वीट आलाय.

१ ऑक्टोबर, दुपार
पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली. ती चिरडल्याशिवाय गाडी रस्त्याला लागत नाही. निहार म्हणाला, गर्दीत इंजिन चालू करणार नाही, हातानं ढकला. विमान, आणि हातानं? ट्रॅक्टर मागवला, दोर बांधला, स्वतः बसलो. दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याच्या गेटातून रिव्हर्स काढणारा माणूस मी. लिंबं फुटली. टाळ्या. वळताना निहार दोन्ही हात हलवत होता. मीही हलवला.
ट्रॉलीला पंख नसतात.
डावा पंख मांडवाच्या खांबात. मांडव विमानावर. काचेवर शिऱ्याची परात.

त्याच दिवशी, संध्याकाळ
चूक मांडववाल्याची. खांब कुठं रोवावा याची अक्कल नाही. शिऱ्यात तूप जास्त होतं, काच अजून चिकट आहे. इंदिरा चार महिन्यांनी बोलली. "पूजा ट्रॅक्टरचीच करायची. त्यो चालतो तरी."

२ ऑक्टोबर, दसरा
ग्रुपवर टाकलं: तांत्रिक कारण. इंद्रजितनं परत अंगठा. आई पहाटेपासून नवं लुगडं नेसून ओट्यावर. निहार म्हणाला, पंख हैदराबादला दुरुस्त होईल, यंदा उडणं विसरा. आईला सांगितलं. संध्याकाळी तिनं आपट्याचं पान माझ्या हातात ठेवलं आणि लुगडं घडी करून ट्रंकेत टाकलं. शिरा, लिंबू, विमान, सगळ्याची शिसारी आली.

९ ऑक्टोबर
पंख सोडवून विमान हैदराबादला न्यायला आपल्याच ट्रकवर चढवलं. ताडपत्री अपुरी पडली, शेपूट उघडं. ड्रायव्हर झुंबर निघणार तेवढ्यात नवं लुगडं नेसून माझ्याबरोबर आलेली आई केबिनमध्ये चढली. "टेंभुर्णीला उतरंन. तितनं नरसिंहपूर जवळच हाय. तुझ्या इमानाची वाट कुटवर बघू?"
मी जीपनं मागं. लोक घरातून, दुकानातून रस्त्यावर आले. मोबाईल वर केलेले. गच्चीवर कुणी नव्हतं. आई खिडकीतून सगळ्यांना हात करत होती.
बरोबर अकराला विमान इंदापुरातून गेलं.

संध्याकाळी आई एस.टी.नं परत आली. संगम दिसला का विचारलं. दिसला म्हणाली, घाटाच्या वरच्या पायरीवरनं. पाय धुळीनं भरले होते.