अक्काने दाखवलेली हद्द

जासई, १२ जून १९८५

चि. दिलीपला नंदिनीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या 'तेजभाना'चं नवं प्रकरण आलेला अंक पोचला. मासिक दारात पडलं की जयमाला आधी पळवते. मग भाकऱ्या उरकून मी मोठ्याने वाचते आणि ओटीवर निम्मी आळी जमते. अनाथ तेजभानाला दादा भाला शिकवतो आणि अक्का सांगते, पडलेल्यावर वार करायचा नाही. रक्ताचं नातं नाही, तरी पोर त्या दोघांचंच. हे दादा-अक्का कोण, ते मी सगळ्यांना मिरवून सांगितलंय हो! तुझ्या वडिलांची, गुरुजींची बदली इथल्या शाळेत झाली तेव्हा तू आईविना आलेलं पोर. माझ्या पाठच्या भावाने, वामनने तुला खाडीत ढकलून पोहायला लावलं आणि मी तुझ्या डोक्याला तेल लावलं. वामन म्हणतो, फुकटचा सेनापती केला मला. पण मिशीला पीळ देतो, बरं का.

तू विचारलंस, अक्कासारखी बाई दगा देईल तर कशापायी? आपलंच सांगते. नव्या मुंबईसाठी जमिनी घ्यायला सरकारचे मोजणीवाले आले तेव्हा गावाने गावदेवीपुढे नारळ ठेवून शपथ घेतली होती, शेताची हद्द कोणी दाखवायची नाही. वामनच पुढे होता. पुरुष अलिबागला मोर्चाला गेलेले आणि इथे तान्ही जयमाला तापाने निळी पडली. मोजणीच्या साहेबाजवळ जीप होती. मी त्याला बांधावरचे हद्दीचे दगड दाखवले, त्याने पोरीला पनवेलच्या दवाखान्यात पोचवलं. मिठाच्या ट्रकने गेले, असं मी घरी सांगितलं. नवऱ्यालासुद्धा ठाऊक नाही. तुझ्यापाशीच राहू दे.

वाशीच्या त्या नव्या घरात जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
नंदिनीताई


वाशी, २ नोव्हेंबर १९८५

ती. सौ. नंदिनीताईस दिलीपचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळी अंक वेगळ्या टपालाने पाठवलाय. वाचण्याआधीच सांगतो, रागावू नकोस. संपादकांना वाचक हादरतील असं काहीतरी हवं होतं. म्हणून अक्का आजारी लेकीसाठी रथ मिळावा म्हणून शत्रूला राज्याची हद्द दाखवते, असं लिहिलंय. गावाचा गड केलाय, सगळं बदललंय, तेव्हा टेन्शन घेऊ नकोस. शेवटी भर दरबारात तेजभान तिला क्षमा करतो. ही क्षमा तुझीच शिकवण, ताई. आमच्या सोसायटीतल्या बायका वाचून रडल्या. संपादक तर म्हणाले, दिलीपराव, आजवरचं सर्वांत सरस प्रकरण.

भाऊबीजेला रजा मिळत नाही. आपल्या शेजारचा भगवान इथेच कामाला येतो, त्याच्या हाती साडी पाठवतो. वामनदादाला नमस्कार. या धाकट्यावरची माया कमी होऊ नये, हीच विनंती.

तुझा,
दिलीप


जासई, १७ नोव्हेंबर १९८५

दिलीप, आशीर्वाद.

तू बदललंस ते काय? बांधाचा गड आणि जीपचा रथ. गावदेवीपुढची शपथ तशीच, निळी पडलेली पोर तशीच. अक्का म्हणजे मीच, हे माझ्या तोंडाने मी साऱ्या आळीला सांगून ठेवलेलं. आणि तो अंक ओटीवर वाचायलाही मीच बसले! अर्ध्यावर मी अंक मिटला. जयमालाने अंक ओढून पुढचं वाचलं आणि विचारलं, आई, ती लेक मी का? शेजारची सुमित्राबाई उठली, मागोमाग सगळ्या उठल्या.

भाऊबीजेला ताट करून दिवा जाईपर्यंत बसले. वामन आला नाही. एकाच गावात राहून असं कधी झालं नव्हतं.

तुझ्या तेजभानाने भर दरबारात क्षमा केली. मोठं मन त्याचं! पण तिला त्या दरबारात उभी कोणी केली? मी भावाला सांगितलं होतं, ते तू मासिकाला विकलंस. साडी भगवानच्याच हाती परत पाठवली आहे. लोभाचं आज काही लिहिता येत नाही.

नंदिनी


जासई, २४ नोव्हेंबर १९८५

दिलीपास वामनचा रामराम.

ह्या पत्राचा ताईला म्हाईत नाय. तुना वाटत असल, मना आता कळला. मी त्या दिवशी मोर्चाला गेलूच नव्हतू. पाय मुरगलला व्हता म्हनून खाडीच्या बाजूला बसलू व्हतू. ताई दगड दाखवताना मी पाह्यला. जीप गेली ती पन पाह्यली. पोर वाचली, मी गप बसलू. तिला माझ्यासमोर मान खाली घालायला लागू नये म्हनून इतकी वर्सा काय म्हाईतच नाय असा वागलू.

गावकीने आता मनाच उभा केला. म्हनाले, तू पुढारी, तुझ्या भैनीचा काय ते बोल. नुसती कुजबुज असती तर मी खोटा बोलून निभावला असता. छापलेल्या कागदाला काय सांगू? शपथ मीच घ्यायला लावलेली. तिच्या घरला वालीत टाकायचा निकाल माझ्याच तोंडून वदवून घेतला.

काल ती विहिरीवर दिसली. मी तोंड फिरवला. तिला वाटतंय, वामन रागावला. वाटू दे. मी सगला पाहून पन दर भाऊबीजेला तिच्या ताटावर हसत बसायचू, हे कळला तर तिला आनखीनच मरनाचा वाटल.

तू लिवतोस, तेजभानाला दादा-अक्कानं घडवला. मना तरी त्यात आमचा काय दिसत नाय. खाली दादा म्हनून सही करवत नाय.

वामन