आईच्या दांड्यासाठी चार भोकं

ती. भाऊजींना साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहाच अंगं धड आहेत, उजवा हात आणि डावा गुडघा वजा धरावा.) ताईची पाठ कशी आहे? आईचा वॉकर आता कुरकुरत नाही ना? ती नीट जेवते ना? तुम्ही तिला येत्या रविवारी इकडे आणून सोडणार, हे कळल्यापासून मीच धड जेवलेलो नाही.

पत्रास कारण तुमचं ड्रिल. आईला बाथरूममध्ये धरून उठता यावं म्हणून भिंतीत स्टीलचा दांडा बसवायचा होता. ताई म्हणाली, मिस्त्री बोलव. मी म्हणालो, आईचा दांडा मीच बसवणार. यावर ती फोन ठेवून मोकळी झाली, त्यावरून तिचं मत कळलं. तुम्ही मात्र बिनबोभाट तुमच्या सुतारकामातलं ड्रिल पाठवलंत, सोबत एक कपटा: ‘आधी लाकडावर हात बसव.’

बसवला. स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि दहा मिनिटं जीव खाऊन दाबलं, तरी भोक पडेना, नुसता धूर. टोकाचं बिट बोथट पाठवलंत म्हणून मनातल्या मनात तुम्हाला नावं ठेवली (क्षमा असावी). ड्रिल उलटं फिरत होतं. सुलट केल्यावर इतकं झकास चाललं की स्टूल संपून टेबल कधी सुरू झालं ते कळलंच नाही. पहिलं भोक आवडलं म्हणून आणखी दोन पाडली. आता स्टूल टेबलावर नेमकं जुळवून ठेवलं की वरून थेट फरशी दिसते.

मग बाथरूम. वर टाइल, मागे वीट. विटेला ठोका लागतो एवढं मला ठाऊक होतं, म्हणून ड्रिलचं कडं हातोडीच्या खुणेवर फिरवलं. पण आधी टाइल येते आणि तिला ठोका सोसत नाही, हे टाइलनेच सांगितलं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा! बायकोने पलीकडच्या खोलीतलं घड्याळ, आरसा आणि स्वतःला हलवलं, आणि बाल्कनीत बसून अधूनमधून ‘भिंत आहे ना अजून?’ एवढंच विचारत राहिली. तेव्हा दिसलं की तुमच्या कपट्याच्या मागेही लिहिलंय (कपटा कोण उलटून बघतो?): टाइलवर चिकटपट्टी लाव, काचेला भोक पाडायचं बिट घे, ठोका बंद, हळू चालव, टाइल पार झाली की विटेचं बिट, मग ठोका. शेजारच्या टाइलवर अगदी तसंच केलं. दोन तास गेले, पण चारही भोकं सरळ पडली आणि चारांत प्लॅस्टिकचे प्लग घट्ट बसले. स्क्रू पिळताना मात्र, आईचं वजन पेलायचंय म्हणून, जोराच्या कड्यावरचा सगळ्यात मोठा आकडा लावला. पहिल्याच स्क्रूचं डोकं गुळगुळीत. आता तो आतही जात नाही, बाहेरही येत नाही. बाकीचे तीन लहान आकड्यावर निमूट बसले.

दांडा हलत नाही. मी दर तासाला जाऊन ओढून बघतो. पण भाऊजी, मला फार भीती वाटते. माझं वजन पंचावन्न किलो, त्याला दांडा कसली भीक घालतोय!

तुमचा घाबरलेला मेहुणा

ता. क. शनिवारी, आईच्या एक दिवस आधी, एकटेच या. ड्रिल आणायला जातो म्हणून ताईला सांगा. आल्यावर दांड्याला लटकायचं. तुम्ही नव्वदच्या पुढे आहात (कौतुकानेच म्हणतो). एकदा चहाआधी, एकदा जेवल्यावर.

ता. क. २. मिस्त्री का नको, ते फक्त तुम्हाला सांगतो. पाय घसरून पडले, असं आई सगळ्यांना सांगते, ताईलाही. भाऊजी, तिने तोल जाताना टॉवेलची दांडी धरली होती. ती दांडी गेल्या वर्षी मी लावली होती. प्लग नाही, काही नाही, दोन स्क्रू हातोडीने ठोकलेले. मी धावत गेलो तेव्हा ती दांडी तिच्या हातातच होती. कळ मस्तकात जात होती, बोलवत नव्हतं, आणि पहिलं वाक्य काय, तर ‘ही आधी कुठेतरी लपव. तुझी ताई येईल इतक्यात.’