ओहळापलीकडे शून्य

घोलवड, ५ डिसेंबर २०१६

चि. जतीन यास ताईचे अ. उ. आ.

लाहूच्या टेम्पोतून तुझं पत्र मिळालं. फोनला रेंज नाही म्हणून का होईना, भावाचं अक्षर दिसलं. पण चार पानं भरून काय, तर सुट्टीत पाहिलेले उदयपूरचे महाल! अरे मास्तर, सायवनच्या शाळेवर जाऊन दीड वर्ष झालं. शाळेमागच्या ओहळापलीकडे काय आहे, एवढंच विचारलं होतं मी. काखेत कळसा नि गावाला वळसा!

इकडे चिकूची तोडणी जोरात आहे. मजूर वाडीतच राहतात, मला मान वर करायला फुरसत नाही. गुळपापडी पाठवलीय. शाळेच्या आवाराबाहेर पाऊल टाकलंस तरच खा.

कान धरायचा हक्क राखून,
विजूताई

सायवन, १० डिसेंबर

ती. विजूताईस सा. न. वि. वि.

गुळपापडी पोचली, टोमणेही पोचले. टोमणे जास्त खुसखुशीत होते.

ओहळापलीकडे सात घरांचा पाडा आहे. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला गेल्या महिन्यात गेलो होतो. म्हणजे अलीकडूनच पाहिलं. सगळी दारं बंद, कोंबडीसुद्धा नाही. फॉर्मवर लिहिलं, मुलं शून्य. साहेब खूश, बूटही कोरडे. त्या यादीवरूनच हंगामी वसतिगृहात मुलं घेतात. या महिनाअखेरीस ती यादी तालुक्याला जाईल.

आवाराबाहेर न जाता गुळपापडी संपवणारा,
जतीन

घोलवड, १४ डिसेंबर

चि. जतीन यास अ. उ. आ.

शाबास! बूट वाचले, पोरं बुडाली. दिवाळी झाली की माणसं पोरांसकट कामाला बाहेर पडतात, हे आपल्या काळ्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. दाराला बोरीची काटी लावलेली असली की समजावं, घर नांदतं आहे, माणसं परतणार आहेत. तेवढं तरी बघितलंस का?

मुकाट्याने ओहळ ओलांड आणि नावं लिहून आण. यादीत नाव असलं तर आईबाप बाहेरगावी असेतो पोरं वसतिगृहात राहून शिकतील; यादी एकदा गेली की पोरांचं वर्ष गेलं. कुठल्या तरी निर्दय शेठाकडे बिचारी राबत असतील. त्यालाही माझ्यातर्फे चार शब्द सुनाव, चांगले झोंबणारे.

खरोखर संतापलेली,
विजूताई

सायवन, १८ डिसेंबर

ती. विजूताईस सा. न. वि. वि.

गेलो बाई! गुडघाभर पाणी होतं, बूट गेले. दारोदार बोरीची काटी होती. राखणीला एकटी बायजी म्हातारी होती. तिने खाट टाकली, कोरा चहा दिला, वर म्हणाली, मास्तरांची रोज पाठच दिसते, तोंड आज दिसलं. लाज वाटली गं.

सात मुलांची नावं तिने बोटांवर मोजून दिली. तिच्या नातीचं नावच धाकली, नऊ वर्षांची. दुसरीतली कविता अजून झोपेत म्हणते म्हणे. तीही आपल्या आईबरोबर, म्हणजे चिमीबरोबर, पाड्यातल्या सगळ्यांसोबत कामाला गेली आहे. कुठे, म्हणून विचारलं. तर म्हणाली, घोलवडला, विजूताईच्या वाडीत, चिकू निवडायला.

तुझे चार शब्द तयार आहेत. कोणत्या पत्त्यावर सुनावू?

तुझाच,
जतीन

घोलवड, २१ डिसेंबर

चि. जतीन यास आशीर्वाद.

झोंबले.

आपल्या ओट्यापासून त्यांची खोपटी चाळीस पावलांवर. चिमी सात वर्षं येते, आणि मी तिथे आज पहिल्यांदा गेले. धाकलीला आजवर ‘ए पोरी’ म्हणत आले. नाव विचारलं, तर चूक झाली समजून तिने हातातला चिकू लपवला.

पोरांना शाळेत धाडण्याबद्दल चिमीशी नि बाकीच्या आईबापांशी बोलले. आधी त्यांचा विश्वासच बसेना. सातही नावं यादीत घाल. शनिवारी लाहूच्या टेम्पोतून पोरांना मीच घेऊन येते. वसतिगृह सुरू होईतो बायजीजवळ राहतील. ओहळाशी उभा राहा. पलीकडच्या काठावर.

जमलं तर माया ठेव,
विजू