खरवडलेली पानं

सर, काल एका मुलीने चौथ्या वहीतल्या पातळ पानांबद्दल विचारलं, म्हणून हे लिहावं लागतं आहे. ती मेंढ्यांची झोप आणि मेंदू झिजवणारे आजार यांवर काम करते. जुन्या नोंदी शोधत पेणला माझ्या दारात आली. मी आपल्या बैलाच्या नोंदींच्या वह्या पुढे ठेवल्या. तिने एक पान खिडकीशी धरलं. "मॅडम, इथे कोणी ब्लेड चालवलंय का?" मी तिला उद्या ये म्हटलं. आता कोणाला काही समजावून सांगायचा कंटाळा येतो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. तुम्ही प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख, मी तुमच्या हाताखाली. दर रविवारी रोह्याच्या गाडीने आपण निडीला उतरायचो आणि एका म्हातारीच्या गोठ्यासमोर दुपारभर बसायचो. तिचा बैल थकला होता, घरची वाट चुकू लागला होता. "झोप आधी मोडते की डोकं आधी, एवढंच बघायचंय," तुम्ही म्हणायचात. "उंदीर सगळेच बघतात. मोठ्या जनावरापाशी बसायला कोणाला वेळ नाही." म्हातारीला मजा वाटायची. "मास्तर, बैलाची झोप बगून पगार मिलतो व्हय?" मग माझ्याकडे वळायची. "आनि गो बाय, तुला घरी काय काम नाय?"

पहिल्याच महिन्यात मी 'बैल झोपला' असं लिहिलं. तो डोळे मिटून रवंथ करत होता. चूक कळल्यावर मी ते ब्लेडने खरवडलं. तुम्ही वही माझ्यापुढे टाकलीत. "बाई, चुकलं तर एक रेघ मारा. खालचं वाचता आलं पाहिजे. चूकही नोंदच असते."

तिसऱ्या वर्षी, भादव्यात, बैल मेला. पुढच्या रविवारी तुम्ही रिकाम्या दावणीसमोर बसता, घड्याळ बघता आणि लिहिता: मान कुशीवर, गाढ झोप, सहा मिनिटं. म्हातारी माझ्या कानाशी येते. "मास्तरांना सांग ना गो, बैल नाय आता." "तुम्ही गप्प बसा," मी म्हणते. असे पाच रविवार गेले, मग तुमचं निडीला येणं थांबलं. दर सोमवारी मी प्रयोगशाळेत तुमचं लिहिलेलं खरवडून त्या जागी मी टिपलेल्या, शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीच्या नोंदी बैलाच्या म्हणून भरल्या. त्याच्या वर्षभर आधीपासून तुम्ही गाडीत सांगायचात, "बाई, डोळाच लागत नाही हल्ली." ते मी कुठेच टिपलं नाही. आपण बैलात शोधत होतो ते माझ्या शेजारच्या बाकावर घडत होतं.

तुमची अब्रू राखली असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे वहीवर माझंही नाव होतं, आणि विभागात हसं होईल याची मला धास्ती होती.

आज मुलीला दिलं: वह्या चार. चौथीच्या पहिल्या पानावर माझ्या सहीने लिहिलं आहे की पाच रविवारच्या नोंदी मी खरवडल्या, त्या बैल मेल्यानंतरच्या होत्या, आणि लिहिणाऱ्याची झोप त्याआधी वर्षभर मोडलेली होती. म्हशीच्या नोंदींवर एकेक रेघ मारली आहे. सोबत कागद एक. खरवडलेलं आठवलं तेवढं त्यावर उतरवलं. दोन रविवार आठवले नाहीत. ते कोरे ठेवले आहेत.