टक्, आणि पुढं काही नाही

३ नोव्हें., सोम.
गाडी सुरू होत नाही. किल्ली फिरवली की एकदाच टक्, मग शांतता. दिवे झगझगीत, हॉर्न आमचं सगळं जळोची गाव उठवेल असा. फक्त जागची हलत नाही. पुढाऱ्यांच्या संगतीला लागली असावी.
आज गावाहून, कळसहून, आबांना (वडील) आणायचं होतं. डॉ. बजावून म्हणाले होते, उजव्या डोळ्यात पडद्यामागं रक्त उतरतंय, डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, चार-सहा दिवसांत आणा, गेलेली नजर परत येत नाही. डावा तर कधीच गेलाय. आबांना फोन केला, गाडी बिघडलीय. "मग ऱ्हाऊ दे की. घाई कुठं हाय?" आवाजात सणासुदीचा आनंद.

४ नोव्हें.
गल्ली जमली. शेजारचे शिंदेसाहेब (बँकेतून निवृत्त, सल्ल्यातून नाही) : "धक्का मारू." म्हटलं, ऑटोमॅटिक आहे, धक्क्यानं सुरू होत नाही. "अहो, बघायला काय जातंय?" कोपऱ्यापर्यंत ढकलली. मग ढकलत परत. सगळ्यांना चहा.
संध्या. नवी बॅटरी घातली. टक्. तीच, पण ताज्या दमाची.

५ नोव्हें.
कन्हेरीचा हणमंत फिटर आला. बॉनेटमध्ये डोकं घालून, "स्टार्टर गेलाय, सायेब."
"नक्की?"
"माझ्या हातनं किती स्टार्टर गेलेत!"
यावर विश्वास बसला. काढून घेऊन गेला. आता टक्सुद्धा नाही. तिची आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

६ नोव्हें.
भाड्याची गाडी करून कळस. आबा घरात नाहीत. वहिनी दारातच : "भावजी, गाडीचा आवाज परका वाटला तसं आबा उसात शिरलं बघा."
बांधावरून हाका मारल्या. आतून, अगदी जवळून, "लोकाच्या गाडीत मी बसत नसतो. आपली गाडी आण."
"आबा, डोळा जाईल."
उसाचं पाचट वाजलं, आवाज थोडा आत सरकला. मग, "डोळ्यात सुई घालत्यात म्हनं. जाग्यापनी?"
"थेंब घालून बधिर करतात. काही कळत नाही."
"तुझ्या डोळ्यात घातलीया का कधी?"
उसात शिरलो. तासभर शोधलं. ज्याला धड दिसत नाही तो मला सापडेना. रिकामी गाडी घेऊन परत. सौ. म्हणाली, धरून आणायचं. धरायला आधी सापडायला नको?

८ नोव्हें., शनि.
हणमंतनं स्टार्टर आणून बसवला. "टेबलावर भिंगरीगत फिरला की ओ." गाडीत : टक्. "मग वायरिंग आसंल. न्हायतर काँप्युटर." म्हणजे याला माहीत नाही. मलाही नाही. चार-सहा दिवस संपले.

९ नोव्हें.
शेवटी स्वतःच टॉर्च घेऊन वाकलो. बॅटरीची अर्थिंगची वायर जिथं इंजिनाला बसते, त्या नटाखाली हळद, कुंकू, गंज आणि खोबऱ्याचा वाळका लगदा यांची खरपूस पोळी. करंट जाणार कुठून?
दर दसऱ्याला आबा मुद्दाम कळसहून येतात, बॉनेट उघडायला लावतात आणि इंजिनावरच नारळ फोडतात. "सांडू दे पानी. थंड ऱ्हाती मशीन." मग मनोभावे हात जोडतात.
पॉलिश पेपरनं घासलं, नट आवळला. किल्ली. सुरू. सौ. हातात लाटणं घेऊन पळत बाहेर.
आबांना फोन. "काय झालं हुतं?"
"जुनी झालीय, आबा."
"तरी म्या यंदा दोन नारळ फोडलं हुतं."
"हो."

१० नोव्हें., सोम.
कळस. आबा ओट्यावर, धुतलेली टोपी घालून तयार. वाटलं, मनाची तयारी झाली. गाडीला हात लावत एक फेरी मारली, पुढं बसले. "बंद कर." केली. "आता चालू कर बघू."
पहिल्या झटक्यात सुरू झाली. गाडी सुरू झाल्यावर पडलेला चेहरा आज प्रथमच पाहिला.
तिथून थेट बारामतीला दवाखाना. डॉ.नी तपासलं. रक्त बरंच साचलंय म्हणाले. "चार दिवस आधी आला असतात तर..." आणि वाक्य तिथंच सोडून हात धुवायला गेले. इंजेक्शन दिलं. पुढचं महिन्यानं. खात्री देत नाहीत.
बाहेर आल्यावर आबांनी माझा दंड धरला. "आरं, सुई कळलीबी न्हाय की. उगंच भ्यालो."

११ नोव्हें.
आबा आमच्याकडेच. पट्टी काढली. "काय दिसतंय?"
"उजेड हाय."
"आणि?"
"उजेड हाय म्हनलं न्हवं."

१४ नोव्हें., शुक्र.
आबा सौ.ला विचारत होते, दुसरी सुई उद्याच दिली तर न्हाय का चालायची. ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.
आता रोज सकाळी चहाच्या आधी मला अंगणात पाठवतात. गाडी चालू करून बघ, ऐनवेळी बंद पडाय नको. स्वतः खिडकीशी खाटेवर, कान देऊन.
आज सुरू केली, बंद केली, आत आलो. "झाली ना, आबा?"
"झाली." मग थोड्या वेळानं, "आजून एकदा कर."