निळ्या झाकणाचा डबा

मंगळवार, संध्याकाळ

हसू की रडू, तेच कळत नाही.

मागे तापाने आडवी झाले. जेटीवरचं कोळंबी सोलायचं काम बुडलं. तेव्हा वस्तीतल्या बालकेंद्राच्या सुलभाताईंनी चार दिवस पेज पाठवली, निळ्या झाकणाच्या डब्यातून. ताप उतरला, डबा राहिला. कुणाचा डबा रिकामा परत करू नये, हे आईने अंगात भिनवलेलं. आणि घरात त्यात घालण्यासारखं काहीच नाही. मग मी काय केलं? माझ्या आर्यालाच शाळेनंतर केंद्रात पाठवणं बंद केलं! आठ वर्षांची पोर, शाळेतून आली की आतून कडी लावून मी येईपर्यंत एकटी. कसला हा ताठा माझा?

आज कामावरून आले तर ताई दारात. वाटलं, डब्यासाठीच आल्या.

"ताई, डबा देते हां. काहीतरी करून पाठवते."

"डबा ऱ्हावंदे. पोर आठ दिवस का नाय आली, ते सांग."

सांगितलं सगळं. ताई भडकल्याच. "डब्यापायी पोरीला कोंडलीस?" मग फळीवरचा डबा काढून त्यांनी आर्याच्या हातात दिला. "धर गो. उद्या तू घेऊन ये. तू आलीस की डबा भरलेलाच."

माझी आई असती तर तिलाही हे पटलं असतं. ताईंना साधा चहासुद्धा विचारला नाही मी, इतकं भरून आलं होतं.

निळ्या झाकणाचा डबा आता दप्तरात आहे. उद्या शाळा कधी सुटणार, आर्याने तीनदा विचारलं.

आठ दिवस केंद्राबद्दल एका शब्दाने बोलली नव्हती.