घोट्यावर टेकवलेला अंगठा

बाई, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि तुमच्याबद्दलचा एक संशय मी आज लिहून काढते आहे. तुम्ही असतात तर तोंडावर विचारायची माझी छाती झाली नसती. माझ्या उजव्या घोट्याचं ऑपरेशन झालं. आपल्या शाळेतल्या, तुम्हीच खेळायला शिकवलेल्या जुन्या मुलींचा खो-खोचा संघ आहे, सगळ्या चाळिशी ओलांडलेल्या. गेल्या वर्षी डोंबिवलीतल्या एका सामन्यात खांबाला वळसा घालताना माझा पाय मुरगळला आणि घोट्यामागची शीर हाडावरून उडी मारून पुढे आली. मागे ढकलली तरी जागेवर राहीना. नौपाड्यातल्या डॉक्टरांकडे गेले तीही मनात शंका घेऊनच, कारण हल्ली ज्याला त्याला कापायचीच घाई असते. त्यांनी घोट्याच्या बाहेरच्या हाडामागे अंगठा टेकवला आणि म्हणाले, "पाऊल वर करा, आता बाहेर फिरवा." शीर त्यांच्या अंगठ्याखाली टुणकन उडाली. "मॅडम, हे आजचं नाही. शीर धरून ठेवणारा पट्टा फार पूर्वीच फाटलेला दिसतोय. शाळेत असताना कोणी पाय बघितला नव्हता का?"

बघितला होता, तुम्ही. कल्याणची फायनल. मी नववीत आहे, मध्यंतर झालंय, मैदानाच्या कडेला मोजा काढून बसले आहे. तुम्ही साडी सावरत उकिडव्या बसता, बरोबर त्याच जागी अंगठा ठेवता आणि म्हणता, "फिरव पाऊल." मी फिरवते. चटका बसावा तसा तुमचा अंगठा मागे जातो. मग क्रेप बँडेज घट्ट गुंडाळत तुम्ही म्हणता, "मुरगळलाय नुसता. पुढच्या डावात पळशील ना?" मी साडेतीन मिनिटं पळाले आणि आपण जिंकलो. दोन आठवड्यांनी राज्य स्पर्धेच्या यादीतून नेमकं माझं नाव गेलं. "तुझा वेग पडलाय," एवढंच बोललात, तेही हजेरीपटात डोकं घालून. माझ्या जागी खाडीकडच्या कोळीवाड्यातली मुलगी आली. तिच्या घरून तुमच्याकडे सुक्या कोळंबीचे सोडे यायचे हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. मी इतकी वर्षं त्या सोड्यांनाच शिव्या दिल्या. लग्नाच्या जेवणात कुठे सोड्यांची खिचडी दिसली तरी माझं तोंड कडू व्हायचं.

संशय घ्यायला शिकवलंत तुम्हीच. "समोरचीच्या डोळ्यांत बघू नकोस, डोळे फसवतात. खांदा कुठे झुकतोय ते बघ," असं रोज सकाळी ओरडायचात. मी ते मैदानाबाहेरही पाळलं. नवरा म्हणतो, तू भाजीवाल्यालाही हुलकावणी देऊन मग भाव विचारतेस. डॉक्टरांनी हाडातली खाच खोल केली, शीर तिच्यात बसवली, पट्टा पुन्हा हाडाला शिवला, हे सगळं मी त्यांच्याकडून कागदावर चित्र काढून घेतलं आणि तो कागद दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून आले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं आणि व्यायाम सुरू झाला. फिजिओ म्हणजे पंचविशीतली पोर. "टाका ना वजन, काय नाय होत," म्हणाली. मी विचारलं, "असा पाय आधी कुणाचा बरा केलायस का?" ती हसायला लागली. "अहो, किती डाउट घेता! पाय तरी तुमचाच आहे ना?"

घोडबंदर रोडवरच्या घरातून तिच्याकडे जाताना रिक्षा तासन्‌तास अडकते, तेव्हा मी तुमचा खटला चालवते. पाय गेलाय हे कळूनही तुम्ही चषकासाठी मला पळवलंत का? की कळलं म्हणूनच पुढे पळू दिलं नाहीत? दोन्ही एकाच बाईंनी केलं असेल हे मला पचत नाही. वेगाची थाप कशाला मारलीत? एकदा माजिवड्याच्या सिग्नलला असाच विचार करत होते आणि आठवलं, बँडेज गुंडाळताना मीच तुमचा हात धरला होता. "बाई, घरी सांगू नका हां. बाबा माझा खेळच बंद करतील." तुम्ही मान हलवली होती. पण बाई, मोठ्या तुम्ही होतात. चौदा वर्षांच्या पोरीला दिलेला शब्द मोडून मला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. मला तुमचा राग येतो, अजून येतो. आणि तुम्ही गेलात तेव्हा मी अखेरचं बघायलाही आले नाही, ह्याचं वाईट वाटतं.

येत्या रविवारी संघाचा सामना आहे. मुली रोज फोन करतात, "अगं, ये ना, तुझ्याशिवाय मजा नाय." डॉक्टर अजून नको म्हणतात, असं मी त्यांना सांगते. नवऱ्यालाही तेच सांगितलं आहे. खरं तर डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच परवानगी दिली. एका पायावर उड्या मारून झाल्या, इंग्रजी आठासारखं पळून झालं, खांबाची वळणंसुद्धा घेऊन झाली, शीर तसूभर हलली नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून लिहिते. पाय बरा आहे, बाई. मीच घाबरले आहे.